रिमोटचे बटण कोणी बनवायचे?

बंगळुरूच्या पूर्वेला कृष्णराजपुरमहून व्हाइटफील्डकडे निघाले की वाटेत महादेवपुरा लागते. मार्च २०२३ मध्ये या रस्त्यावरून मेट्रो धावू लागली आणि गरुडाचारपाळ्य, हूडी ही स्थानके आयटीतल्या नोकरदारांच्या रोजच्या बोलण्यात आली. दोन्ही बाजूंच्या काचेच्या इमारती पाहून हा भाग मुळातच सॉफ्टवेअरचा असावा असे वाटते, पण त्याची जुनी ओळख कारखान्यांची आहे. कृष्णराजपुरमला लागून दूरवाणीनगर आहे. १९४८ मध्ये इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज तिथे उभी राहिली आणि तबकडी फिरवायचे ते जड टेलिफोन तिथूनच देशभर गेले. दोड्डनेकुंदीची औद्योगिक वसाहत, आतल्या रस्त्यांवरच्या टूलरूम, प्लास्टिक मोल्डिंगच्या आणि सर्किट जोडणीच्या शेड याच परंपरेतल्या आहेत. व्हाइटफील्डला निर्यातीसाठी म्हणूनच आखलेले औद्योगिक पार्क आहे. व्हाइटफील्ड रेल्वे स्थानकाजवळ कंटेनर कॉर्पोरेशनचा डेपो आहे, तिथे कस्टमचे सोपस्कार उरकून कंटेनर सीलबंद होतो आणि रेल्वेने चेन्नई बंदराकडे रवाना होतो. थोडे पश्चिमेला सी. व्ही. रामन नगरात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे केंद्र आहे. ही कंपनी १९८५ मध्येच बंगळुरूत आली आणि चिपचे आराखडे इथे आखले जाऊ लागले. चिपच्या आराखड्यापासून सीलबंद कंटेनरपर्यंतचे सगळे टप्पे एका तासाच्या अंतरात सापडावेत, असे भाग देशात फार नाहीत. तरीही टीव्हीचा साधा रिमोट उघडला तर आतली चिप, पारदर्शक एलईडी आणि पुष्कळदा रबराची बटणेसुद्धा चीनमधून आलेली असतात. या छोट्या वस्तूकडे आपण गंभीरपणे पाहिलेले नाही, आणि आपल्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाचा पाया नेमका कुठे कच्चा राहिला ते याच दुर्लक्षात दिसते, असे माझे म्हणणे आहे.

रिमोट क्षुल्लक वाटतो, कारण तो टीव्हीबरोबर फुकट येतो आणि हरवला तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा बंगळुरूच्या एस. पी. रोडवर शे-दोनशे रुपयांत दुसरा मिळतो. पण त्याचे दोन भाग वेगळे करून पाहावेत. बाहेरचे कवच एबीएस प्लास्टिकचे. त्याच्या दोन अर्ध्या भागांना जोडणाऱ्या खाचा इतक्या नेमक्या असाव्या लागतात की स्क्रू न लावताही ते घट्ट बसावेत आणि चार वेळा उघडले तरी तुटू नयेत. आत कागद आणि फिनॉलिक रेझिनचा, एकाच बाजूला तांबे असलेला स्वस्त पीसीबी. त्यावर जिथे बटण येते तिथे कार्बनच्या शाईने छापलेल्या, बोटांत बोटे गुंतवावीत तशा दोन नक्ष्या. मधोमध काळ्या इपॉक्सीचा एक थेंब. त्याखाली चिप असते. तिला वेगळे कवच नसते, ती थेट बोर्डावर चिकटवून केसाहून बारीक तारांनी जोडलेली असते. पुढच्या टोकाला इन्फ्रारेड एलईडी, मागे दोन सेल आणि निकेलचा मुलामा दिलेल्या त्यांच्या स्प्रिंगा. म्हणजे या एका वस्तूत प्लास्टिक, रबर, धातूकाम, छपाई, अर्धवाहक आणि संगणकीय संकेत असे सहा वेगवेगळे धंदे येऊन मिळतात. मोबाइल फोनमध्येही हेच धंदे लागतात, फक्त तिथे ते फार महागड्या यंत्रांवर चालतात. रिमोटमध्ये ते अशा पातळीवर असतात की वीस-पंचवीस माणसांच्या कारखान्यालाही हात घालता यावा. माझ्या दृष्टीने त्याचे सगळ्यात मोठे मोल यातच आहे.

बटण दाबल्यावर काय घडते, तेही पाहण्यासारखे आहे. सर्वाधिक प्रचलित पद्धतींपैकी एक जपानच्या एनईसी कंपनीने रूढ केली. तिच्यात एलईडी सलग पेटत नाही. तो सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा उघडमीट करतो. खोलीतला सूर्यप्रकाश आणि बल्ब यांच्यातही इन्फ्रारेड असतेच, त्यामुळे टीव्हीतला रिसीव्हर नेमकी हीच लय ऐकतो आणि बाकीचा प्रकाश गाळून टाकतो. जुन्या रिमोटमध्ये ही लय ४५५ किलोहर्ट्झच्या छोट्या सिरॅमिक रेझोनेटरमधून येई. रेडिओसाठी तो भाग आधीच ढिगाने बनत होता आणि स्वस्त होता. त्याच्या कंपनाला बाराने भागले की ३७.९ मिळतात, आणि तेवढ्यावर काम भागते. लय सुरू झाली की आधी ९ मिलिसेकंदांचा लांब झोत, मग साडेचार मिलिसेकंदांची शांतता, त्यानंतर उपकरणाचा पत्ता आणि बटणाचा क्रमांक. प्रत्येक क्रमांकाच्या पाठोपाठ त्याचाच उलटा क्रमांक जातो, जिथे शून्य तिथे एक आणि जिथे एक तिथे शून्य. दोन्ही जुळले नाहीत तर टीव्ही तो आदेश मानत नाही. यातून आणखी एक गोष्ट साधते. शून्य आणि एक यांना लागणारा वेळ वेगळा असला तरी प्रत्येक संदेशाची एकूण लांबी सारखीच राहते, सुमारे ६८ मिलिसेकंद. फिलिप्सची आरसी-५ पद्धत निराळी आहे, तिची लय ३६ किलोहर्ट्झची. सोनीची आणखी वेगळी. जगातल्या हजारो मॉडेलांचे हे संकेत गोळा करून, तपासून, वर्षानुवर्षे सांभाळणे हा एक स्वतंत्र धंदा झाला आहे. अमेरिकेची युनिव्हर्सल इलेक्ट्रॉनिक्स ही १९८६ मध्ये सुरू झालेली कंपनी संकेतांच्या अशाच भांडारावर मोठी झाली, आणि तिची एक उपकंपनी बंगळुरूत आहे. भारतीय अभियंत्यांना या धंद्याचा बुद्धीचा भाग जमत नाही, असे म्हणायला त्यामुळे जागा उरत नाही.

आपण अडतो ते रबराच्या बटणापाशी. म्हणून त्याकडे जरा जास्त वेळ पाहू. रिमोटची सगळी बटणे मिळून सिलिकॉन रबराचा एकच पत्रा असतो. कणकेसारखे मऊ, रंग मिसळलेले रबर तोलून साच्यात ठेवतात आणि दीडशे ते पावणेदोनशे अंश तापमानाला प्रेसमध्ये काही मिनिटे दाबून धरतात. त्या उष्णतेत रबर पक्के होते. प्रत्येक बटणाच्या पोटाशी आधीच ठेवलेली कार्बनची छोटी गोळी त्याच वेळी रबराला कायमची चिकटते. बटण दाबले की हीच गोळी खालच्या दोन कार्बन नक्ष्यांना जोडते आणि चिपला कळते. बटणाभोवती रबराची एक पातळ, तिरकी भिंत असते. बोटाला जी हलकी ‘टक्’ जाणवते ती या भिंतीच्या कोसळण्याने. भिंत मिलिमीटरच्या अगदी छोट्या अंशाने जाड झाली की बटण कडक लागते, पातळ झाली की वर्षभरात लोळते. रबराचा हप्ता बदलला, प्रेसचे तापमान पाच-दहा अंश सरकले किंवा साच्याच्या एका कोपऱ्यात कमी दाब पडला तर चाळीस बटणांपैकी दोन-तीन वेगळी लागतात. ग्राहकाला कारण सांगता येत नाही, पण रिमोट ‘हलका’ वाटतो हे त्याला लगेच समजते. मग कडांवरचे जादा रबर काढणे, अक्षरांची छपाई, बोटाच्या घामाने ती पुसली जाऊ नये म्हणून वरून लेप. शेवटच्या टेबलावर जिगमध्ये रिमोट बसवून एकेक बटण दाबले जाते आणि समोरच्या रिसीव्हरवर त्याचा क्रमांक उमटतो की नाही ते पाहिले जाते. घरीही एक साधी तपासणी करता येते. बऱ्याच मोबाइल कॅमेऱ्यांतून पाहिले तर बटण दाबताच एलईडी जांभळट चमकताना दिसतो. या साऱ्या कामात पुस्तकी रहस्य काहीच नाही. साचा कोरणारा, रबर मिसळणारा आणि प्रेस चालवणारा या तिघांनी एकाच वस्तूवर वर्षानुवर्षे हात बसवलेला असणे, एवढेच लागते. अशी माणसे एखाद्या गावात टिकून राहण्यासाठी त्यांच्याकडे त्याच वस्तूच्या ऑर्डर सतत येत राहाव्या लागतात.

आपल्याकडे त्या ऑर्डर एकदा आल्या होत्या. अमेरिकेत झेनिथ कंपनीच्या युजीन पॉली यांनी १९५५ मध्ये प्रकाशाच्या झोतावर चालणारा रिमोट काढला. खिडकीतून ऊन आले की टीव्ही आपोआप चॅनेल बदलत असे. पुढच्याच वर्षी रॉबर्ट अ‍ॅडलर यांनी ध्वनीवर चालणारा रिमोट आणला. त्यात सेलच नव्हता. छोटी हातोडी अ‍ॅल्युमिनियमच्या दांडीवर आपटे आणि माणसाच्या कानाला न ऐकू येणारा स्वर उमटे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून इन्फ्रारेडने ही दोन्ही तंत्रे मागे टाकली. भारतात रंगीत टीव्ही १९८२ च्या आशियाई खेळांबरोबर आला, पण एकट्या दूरदर्शनसाठी रिमोटची निकड नव्हती, आवाज वाढवायला उठले तरी चालत होते. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आणि गल्लीतला केबलवाला आला, वाहिन्यांची संख्या बोटांवर मोजता येईना, आणि मग रिमोट घरात गरजेचा झाला. त्या दशकातले टीव्हीचे बडे उत्पादक दोन टोकांना होते. बंगळुरूत टी. पी. जी. नांबियार यांची बीपीएल, आणि महाराष्ट्रात औरंगाबादजवळ पैठण रस्त्यावरच्या चितेगावात धूतांची व्हिडिओकॉन. मुंबईची ओनिडाही होती. औरंगाबादेत साचे बनवण्याचे शिक्षण देणारी इंडो-जर्मन टूलरूम आहे, बंगळुरूत १९७२ मध्ये डेन्मार्कच्या मदतीने सुरू झालेली सरकारी टूलरूम. पुढे केबलचे डिजिटायझेशन आले. मुंबईसाठी ऑक्टोबर २०१२ आणि बंगळुरू, पुणे, नागपूर, नाशिक या शहरांसाठी मार्च २०१३ अशी मुदत पडली आणि घरोघर सेट-टॉप बॉक्स बसले. प्रत्येक बॉक्सबरोबर एक रिमोट. मागणी, कारखाने, साचे बनवणारे शिक्षित हात, सारे होते. म्हणजे रिमोटचा भक्कम उद्योग उभा राहायला त्या वीस वर्षांत काहीच कमी नव्हते.

तो तसा उभा राहिला नाही, याचे एक कारण व्यापाराच्या नियमांत आहे. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत दोनशेहून अधिक वस्तूंवरचे आयात शुल्क शून्यावर आले. त्यांत अर्धवाहक आणि इतर इलेक्ट्रॉनिक घटक होते. सप्टेंबर २००४ पासून थायलंडबरोबरच्या करारात ८२ वस्तूंवर सवलत सुरू झाली, त्यांत रंगीत टीव्ही होता. टीव्ही पूर्ण तयार होऊन आला की रिमोट त्याच्याच खोक्यात येतो. घटक बाहेरून स्वस्त आले की ते इथे बनवण्याची उमेद संपते. आयात शुल्क हे एकमेव कारण मात्र नाही, आणि यावर मी मुद्दाम भर देतो, कारण आपल्या चर्चेत सगळा दोष करारांवर ढकलण्याची सवय आहे. आपल्या मोठ्या टीव्ही कंपन्यांनी पुरवठादाराला भागीदार मानले नाही. दर तिमाहीला भाव पाडून घ्यायचा आणि पैसे महिनोन्महिने थकवायचे, हीच रीत होती. अशा धंद्यात छोटा कारखानदार नवा साचा कशाच्या भरवशावर बनवणार? मोठी कंपनी बुडाली की तिच्या आसऱ्याचे लहान कारखानेही जातात. २०१८ मध्ये व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली तेव्हा हा दुसरा धोकाही उघड झाला. पुढे ३० जुलै २०२० रोजी केंद्राने टीव्हीची आयात परवान्याखाली आणली आणि टीव्हीची जोडणी देशात वाढली. पण शेवटची जोडणी इथे आली म्हणून रबराचे बटण इथे येत नाही. जोडणीला शेड आणि माणसे लागतात, ती वर्षभरात उभी राहतात. बटणाला लागणारा हात बसायला दहा वर्षे जातात.

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे. शंभर रुपयांच्या वस्तूसाठी एवढी डोकेफोड कशाला? चीन ती स्वस्तात देतो, आपण महागड्या वस्तूंकडे वळावे. या आक्षेपात खरे आहे ते आधी मान्य करू. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण २८ घनमीटर माल बसतो. एका रिमोटला खोक्यासकट ३०० घनसेंटिमीटर जागा धरली तरी नव्वद हजारांहून अधिक रिमोट त्यात मावतात. म्हणजे एका रिमोटच्या वाट्याला येणारे समुद्रभाडे नगण्य आहे आणि अंतराचे कोणतेही संरक्षण आपल्याला मिळत नाही. पण हीच गोष्ट उलटीही खरी आहे. व्हाइटफील्डच्या डेपोतून सुटलेला कंटेनर युरोपात किंवा आफ्रिकेत पोहोचतो तेव्हा अंतर आपल्यालाही आडवे येत नाही. आणि ‘महागड्या वस्तूंकडे वळा’ हा सल्ला ज्या देशांच्या उदाहरणावरून दिला जातो, त्यांनी तो पाळलेला नाही. जपान, तैवान, कोरिया आणि मग चीन, सगळ्यांची इलेक्ट्रॉनिक्सची सुरुवात ट्रान्झिस्टर रेडिओ, खेळणी, कॅल्क्युलेटर यांसारख्या हलक्या वस्तूंपासून झाली. या वस्तूंमधून पैसा मिळाला तो वेगळाच, पण त्यातून साचे कोरणारे, रबर जाणणारे, लाखो नगांत एकसारखेपणा राखणारे लोक तयार झाले. तेच पुढे अवघड वस्तूंकडे गेले. २०२० पासून कोलार जिल्ह्यातल्या नरसापुरात आयफोन जोडले जातात आणि २०२३ मध्ये तो कारखाना टाटांनी विकत घेतला. हे मोठे पाऊल आहे, त्याचे मोल मी कमी लेखत नाही. पण त्या फोनचे असंख्य लहान भाग आसपासच्या शेडमधून मिळावेत असे वाटत असेल, तर त्या शेडना आधी सोप्या वस्तूवर लाखोंच्या संख्येने सराव करावा लागेल.

दुसरा आक्षेप असा की रिमोट हीच मरणपंथाला लागलेली वस्तू आहे. फोनवरून टीव्ही चालतो, आवाजाने दिवे लागतात. लॉजिटेकने २०२१ मध्ये आपल्या प्रसिद्ध हार्मनी रिमोटचे उत्पादन थांबवले, हा पुरावाही कोणी देईल. पण हार्मनी हा अनेक रिमोटांच्या जागी येणारा महागडा रिमोट होता. संपले ते त्या वर्गाचे दिवस. अ‍ॅमेझॉनची फायर टीव्ही स्टिक बघा. २०२१ मध्ये फॉक्सकॉनच्या उपकंपनीमार्फत ती चेन्नईत बनवण्याची घोषणा झाली, आणि तिच्या प्रत्येक खोक्यात एक रिमोट असतोच. आवाजाने चालणाऱ्या टीव्हीचा माइकसुद्धा बहुधा रिमोटमध्येच असतो, कारण सोफ्यावरून बोललेले टीव्हीला ऐकू जाईलच असे नाही. रिमोट नाहीसा होत नाही, त्याचा स्वभाव बदलतो आहे. ब्लूटूथ आले, माइक आला. सॅमसंगने २०२१ मध्ये पाठीवर सौर पट्टी असलेला, सेल न बदलावा लागणारा रिमोट आणला. आपल्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट छताला टांगलेली आहे. जुना पंखा पूर्ण वेगात साधारण ७५ वॉट घेतो, बीएलडीसी मोटरचा पंखा ३० वॉटच्या आत भागवतो. या नव्या मोटरला स्वतःचे नियंत्रक सर्किट असते आणि भिंतीवरचा जुना रेग्युलेटर तिला चालत नाही, म्हणून तिच्याबरोबर सहसा रिमोट द्यावा लागतो. आयआयटी मुंबईत शिकलेल्या मनोज मीना आणि शिबब्रत दास यांनी २०१२ मध्ये सुरू केलेल्या अ‍ॅटमबर्गने हे पंखे घरोघर नेले, आणि ही कंपनी महाराष्ट्रातली आहे. जानेवारी २०२३ पासून पंख्यांना ऊर्जाबचतीची तारांकित पट्टी सक्तीची झाल्यावर इतर कंपन्याही त्याच वाटेने निघाल्या. ही मागणी आपली आहे आणि वस्तूचा आराखडाही आपला आहे. टीव्हीचा रिमोट कसा असावा हे जपान आणि कोरियात ठरते, पंख्याचा रिमोट कसा असावा हे आपण ठरवू शकतो. उष्ण हवेच्या इतर देशांत भारतीय पंखा जाईल तेव्हा त्याच्या खोक्यातला रिमोट कुठला असेल, हा प्रश्न म्हणूनच आजचा आहे.

तिसरा आक्षेप महादेवपुऱ्यापुरता आहे. इथे जमीन आयटी पार्कांच्या भावाने विकली जाते, रस्ते तुंबतात, वस्ती वाढल्यावर कारखान्यांचा धूर लोकांना सोसवत नाही. ग्राफाइट इंडियाचा व्हाइटफील्ड रस्त्यावरचा जुना कारखाना प्रदूषणाच्या तक्रारींनंतर बंद झाला. चौकाला त्याचे नाव तेवढे उरले आहे. अशा ठिकाणी रबराचे प्रेस बसवा असे मी म्हणणार नाही. पण रिमोटचे सगळे काम एकाच जागी करण्याची गरजच नाही. मोल्डिंग आणि जोडणी मालूर, नरसापूर, वेमगल या कोलार जिल्ह्यातल्या वसाहतींत व्हावी, तिथे जमीन आहे आणि माणसेही आहेत. आराखडा, साच्याचे नमुने, संकेतांचे सॉफ्टवेअर, रेडिओ लहरींच्या चाचण्या हे काम महादेवपुऱ्यात राहावे, कारण ते करणारी माणसे इथे राहतात आणि सकाळी नमुना घेऊन निघालेला अभियंता दुपारपर्यंत मालूरच्या प्रेसपाशी असू शकतो. साचा दुरुस्त करायचा तर हे अंतर फार महत्त्वाचे ठरते. शेन्झेनची ताकद स्वस्त मजुरीत होती असे आपण समजतो, पण मजुरी वाढल्यावरही तो पट्टा टिकला तो याच जवळिकीमुळे.

निर्यातीत खरी परीक्षा कागदांची आहे, आणि तिच्याकडे आपले छोटे कारखाने फार उशिरा वळतात. युरोपने १ जुलै २००६ पासून सोल्डरमधले शिसे बाद केले. शिशाचे सोल्डर १८३ अंशांना वितळत असे, बिनशिशाचे साधारण २१७ अंशांना वितळते. रिमोटमधला स्वस्त कागदी बोर्ड ही वाढीव उष्णता नीट सोसत नाही, वाकतो. म्हणजे एका नियमासाठी बोर्ड, सोल्डर, यंत्राचे तापमान, सगळेच नव्याने बसवावे लागले. २०१९ पासून प्लास्टिक मऊ करणारी चार थॅलेट रसायनेही युरोपात बंद झाली. बटणासारखे गोल सेल मुलांनी गिळू नयेत म्हणून अमेरिकेने २०२२ मध्ये कायदा केला, आणि अशा सेलवर चालणाऱ्या छोट्या रिमोटचे झाकण मुलाला सहज उघडता येणार नाही असे करावे लागले. इन्फ्रारेड रिमोटला रेडिओची परवानगी लागत नाही, त्यात ब्लूटूथ आले की भारतात, युरोपात, अमेरिकेत प्रत्येक ठिकाणी वेगळे प्रमाणपत्र लागते, आणि कस्टमच्या वर्गवारीतला क्रमांकही बदलतो. मोठी कंपनी हे काम स्वतःच्या प्रयोगशाळेत करते. वीस माणसांच्या कारखान्याला प्रत्येक चाचणीचे शुल्क जड जाते, मग तो परदेशी पार्टीची ऑर्डर नाकारतो किंवा दुसऱ्याच्या नावाने जॉबवर्क करत राहतो. त्याच्याकडे कौशल्य असते, पण ते सिद्ध करणारा कागद नसतो.

मार्च २०२५ मध्ये केंद्राने इलेक्ट्रॉनिक घटकांसाठी २२,९१९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. उशिरा का होईना, जोडणीच्या पलीकडे घटकांकडे लक्ष गेले ही चांगली गोष्ट आहे. तिची मुख्य नजर मात्र डिस्प्ले आणि कॅमेरा मॉड्यूल, बहुस्तरीय पीसीबी, लिथियम-आयन सेल अशा मोठ्या गुंतवणुकीच्या भागांवर आहे. रबराचे बटण, एकपदरी बोर्ड, सेलची स्प्रिंग यांच्यासाठी शेकडो कोटींची गरज नाही. महादेवपुऱ्यात किंवा चाकणला एक सामायिक चाचणी प्रयोगशाळा हवी, तिचे दर छोट्या कारखान्याला परवडावेत. पहिल्या साच्याचा खर्च फिटेपर्यंत कमी व्याजाचे कर्ज हवे. आणि देशी पंखा, एसी, सेट-टॉप बॉक्स बनवणाऱ्यांनी पुरवठादाराशी किमान तीन वर्षांचा करार करून ठरलेल्या तारखेला पैसे द्यायला हवेत. यातले तिसरे काम सरकारचे नाही, ते कंपन्यांनीच करायचे आहे. २०१८ पासून अमेरिकेने चिनी मालावर शुल्क वाढवले तेव्हा युनिव्हर्सल इलेक्ट्रॉनिक्सने चीनमधले काम कमी करून मेक्सिकोवर भर दिला आणि पुढे व्हिएतनाममध्ये कारखाना काढला. तिचे अभियंते बंगळुरूत होते, कारखाना मात्र इथे आला नाही. जागा निवडताना अशी कंपनी बुद्धिमत्तेबरोबर आणखी काही शोधत असते: तासाभराच्या अंतरावर चार रबरवाले, सहा साचेवाले, आणि लॉट परत आला तर आठवड्यात दुसरा देऊ शकणारा कोणी. मालूरच्या वसाहतीत असे दहा कारखाने उभे राहिले, तर पुढच्या वेळी जागेच्या यादीत कोलार जिल्ह्याचेही नाव असेल.